जिवंतांना श्रद्धांजली

मी रेडिओवर होते तेव्हा कुणी मोठा माणूस गेला की मला घरून बोलावून घ्यायचे. बाकीच्या निवेदिका फरमाइशी वाचायच्या, हवामान सांगायच्या, आणि मेलेल्यांचं खातं माझ्याकडे. "विनिता धुमाळ को बुलाओ, उनकी आवाज़ में सोग है," असं आमचे साहेब म्हणायचे. सोग म्हणजे शोक. शोक कसला डोंबलाचा! वाक्य संपता संपता आवाज जरा खाली सोडायचा, पुढचं वाक्य धरायच्या आधी थोडं थांबायचं, झालं. पण लोक घरी बसून रडायचे. नया बाजारात भाजी घेताना बायका थांबवून सांगायच्या, काल फार रडवलंत हो. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण ते सगळं हिंदीत. बाहेर माझा आवाज उभा जन्म हिंदीत गेला. मराठी घरात, मराठी देवापुढं, मराठी नवऱ्याशी, कृष्णरावांशी भांडायला. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडं ग्वाल्हेरला आले, गोरखी महालाच्या मागं घर बांधलं आणि इथलेच होऊन गेले. आमच्याकडे पुरणपोळीही होते आणि इकडची डाळ भरलेली बेडईपुरीही होते. तरी पुण्याचा पाहुणा आला की हटकून विचारणार, "अय्या, तुमच्याकडे अजून मराठी बोलतात?" मग आम्ही काय भुंकतो का, असं माझ्या अगदी जिभेवर येतं. कृष्णराव डोळे वटारतात म्हणून मी चहा टाकायला उठते.

म्हणून अवंतिका जेव्हा सांगत आली की ऑस्ट्रेलियाचं काम आलंय आणि ते मराठीतही करायचंय, तेव्हा माझ्या हातातला पोळीचा गोळा तसाच राहिला. अवंतिका माझ्या दिरांची मुलगी. इंदरगंजच्या चौकात, चष्म्याच्या दुकानावर, तिचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. लग्नाच्या वराती आणि निवडणुकीच्या घोषणा यांच्या मधल्या वेळात ती काम उरकते.

"काकू, सुनो," ती म्हणाली, "टास्मानिया नावाचं एक बेट आहे, ऑस्ट्रेलियाच्या खाली. तिथं खूप सारे म्यूज़ियम आहेत, पुराने जेल आहेत, लाइटहाउस आहेत. आपले लोक फिरायला जातात ना, त्यांना कानाला लावायला एक मशीन देतात. ज्याची जी भाषा, त्या भाषेत ते सगळं सांगतं. हिंदी तर आपण करूच. पर उनको मराठी भी चाहिए, आणि दोन्ही एकाच आवाजात."

म्हणजे माझ्या आवाजात. कुणीतरी मराठी माणूस पृथ्वीच्या पार त्या टोकाला जाऊन एखाद्या तुरुंगाच्या दारात उभा राहणार, आणि त्याच्या कानात मी मराठीत बोलणार. मी त्या दिवशी कृष्णरावांना पोळीवर दुप्पट तूप वाढलं. ते म्हणाले, "काय गं, माझे दिवस भरले की काय?" इतकी मी खूष होते.

काम देणारी कंपनी पुण्याची. तिथला शंतनु नावाचा मुलगा सगळं बघायचा. मुलगाच म्हणते, माझ्या मुलाच्या, शंभूच्या वयाचा असेल. तो पुण्यात कॉम्प्युटरपुढं बसायचा, आम्ही इंदरगंजला, आणि मी वाचत असताना तो तिकडून ऐकायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला थांबवलं.

"मॅडम, आवाज सुंदर आहे. पण जरा हिंदी वळण येतंय. ग्वाल्हेरला आता मराठी तशी राहिलेली नाही ना, म्हणून थोडं जपून घेऊ या."

"मी घरी बोलते ती काय फारसी आहे?" मी विचारलं.

"नाही नाही, तसं नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "फक्त प्रमाण मराठी ठेवू या."

अवंतिकानं काचेपलीकडून हात जोडले. कंपनीचं पुढचं कामही तिला हवं होतं. मी गिळून टाकलं आणि वाचायला लागले.

आणि काय सांगू, मला मजा यायला लागली. पोर्ट आर्थरचा तुरुंग वाचला. तिथं कैद्यांना एकएकट्या कोठडीत ठेवायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही अशी शिक्षा. मला तर तिथं पहिल्याच सकाळी फासावर चढवलं असतं. इंग्लंडहून जहाजात भरून आणलेल्या बायकांचा तुरुंग वाचला. पोटासाठी काहीतरी चोरलं म्हणून सात समुद्रांपलीकडं आणून कपडे धुवायला बसवलेल्या बायका. कैद्यांनी दगड फोडून बांधलेले पूल वाचले, देवमाशांचं तेल काढणाऱ्यांची घरं वाचली. रोज घरी येऊन मी हे सगळं कृष्णरावांना सांगायची, आणि ते म्हणायचे, आता ग्वाल्हेरचा किल्ला तू विसरलीस वाटतं.

मग तो भाग आला. होबार्ट नावाच्या त्यांच्या मोठ्या शहरातून फिरायला सुरुवात करायची, आणि सुरुवातीलाच ऐकायचा परिचय. त्यात बेटाच्या मूळ रहिवाशांबद्दल लिहिलं होतं. गोरे आले, जमिनी घेतल्या, माणसं मारली, उरलेल्यांना उचलून दुसऱ्या बेटावर नेऊन टाकलं. ते सगळं वाचून शेवटी असं होतं: "अठराशे शहात्तर साली त्यांच्यातल्या शेवटच्या स्त्रीनं डोळे मिटले, आणि एक अखंड मानवसमूह या पृथ्वीवरून कायमचा नाहीसा झाला."

माझं तोंड आपोआप मायक्रोफोनपासून जरा दूर गेलं. रेडिओवरची सवय. आवाज खाली सोडला. "डोळे मिटले" नंतर थांबले. "कायमचा" हा शब्द मी असा काही म्हटला की बस्स. डोकं वर केलं तर अवंतिका ओढणीनं डोळे पुसतेय.

"मॅडम," शंतनु म्हणाला, "अंगावर काटा आला. हाच टेक. याला आता कुणी हात लावायचा नाही. सगळ्या कामातला हा सगळ्यात भारी तुकडा आहे."

मला काय आनंद झाला! माझ्या मराठीला पुण्याच्या माणसानं भारी म्हटलं. येताना मी तिळाची गजक घेतली आणि शेजारच्या शालिनीताईंकडेसुद्धा नेऊन दिली. त्यांनाही ते वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनीही डोळे पुसले.

माझी एक पद्धत आहे. उद्या जे वाचायचं ते आदल्या संध्याकाळी घरात मोठ्यानं वाचायचं. ऐकायला कृष्णराव असतात. ते पेपर वाचत असतात, पण कान इकडं असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुढचा भाग घेऊन बसले. उत्तरेला एका लहान बेटावर एक छोटंसं संग्रहालय आहे, तिथल्या शंखांच्या माळांबद्दल होता. निळे-हिरवे झळकणारे बारीक शंख, ओहोटीला पाण्यात उतरून वेचायचे, साफ करायचे, एकेकाला भोक पाडून ओवायचे. पूर्वी भोक कांगारूच्या दातानं पाडायचे. मला तर फार आवडलं. मी रंगून वाचत होते.

"या बेटाच्या मूळ रहिवासी स्त्रिया आजही या माळा ओवतात. आईनं मुलीला शिकवावं आणि तिनं आपल्या मुलीला, अशी ही कला..."

"कोण ओवतं?" कृष्णरावांनी पेपर खाली केला.

"मूळ रहिवासी स्त्रिया."

"त्या कशा ओवतील? त्या मेल्या ना काल?"

"कुठं मेल्या?"

"अगं, तूच मारल्यास. कायमच्या. शालिनीताई रडल्या, मी रडलो, गजक खाल्ली आपण."

मी कागद परत वाचला. "आजही" असंच होतं. मग कालचा कागद काढला. "कायमचा नाहीसा." दोन्ही कागद एकाच कंपनीचे, एकाच बेटाबद्दलचे. मेलेल्या बायका माळा कशा ओवतील?

तशीच चपला घालून अवंतिकाकडे गेले. ती बाड्यावरच्या बाजारातून नुकतीच येऊन पोहे खात होती. म्हटलं, पोहे ठेव, फोन काढ, हे संग्रहालय शोध. तिनं शोधलं. संग्रहालयाचाच एक फोटो होता. लांब टेबल, ताटांतून शंख पसरलेले, आणि तीन म्हाताऱ्या बायका. खाली नावं लिहिलेली: मॅविस, जॉयलीन, ऑड्री. जॉयलीन आणि ऑड्री हसत होत्या. मॅविस हसत नव्हती. फोटो काढणाऱ्यानं उशीर लावला म्हणून आता त्याला झापते अशा नजरेनं बघत होती. खाली त्यांनीच सांगितलेलं होतं की आम्ही हजारो आहोत, आमच्या आज्या-पणज्या त्या लहान बेटांवर जगल्या, पोरंबाळं झाली, त्यांची आम्ही लेकरं. आम्ही संपलो ही गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली, आणि ती ऐकून ऐकून आम्हाला आता वीट आलाय.

अवंतिका फोनकडे बघत म्हणाली, "ओ तेरी!"

जिवंत बायकांना मी श्रद्धांजली वाहिली होती. तीही माझ्या ठेवणीतल्या आवाजात. जगभरातून मराठी माणसं तिथं जाणार, दारातच माझ्याकडून ऐकणार की ही माणसं मेली, आणि मग बाहेर पडून मॅविसच्या शेजारून तिच्याकडे न बघता निघून जाणार. मला इतकी लाज वाटली आणि इतका राग आला की कुणाचा आधी काढू ते कळेना.

शंतनुला तिथूनच फोन लावला.

"मॅडम, ते जुन्या माहितीपत्रकातून घेतलंय," तो म्हणाला. "छापील आहे."

"छापील आहे म्हणून त्या मरणार का? तुमच्याच दुसऱ्या कागदात त्या जिवंत आहेत."

"हां, ते... म्हणजे त्याचा अर्थ असा घ्यायचा, की शुद्ध असे कुणी उरलेले नाहीत. आता जे आहेत ते मिश्र आहेत."

"शुद्ध?"

"म्हणजे मूळ स्वरूपात."

आता बघा. हा शब्द माझ्यासमोर काढायचा नव्हता. माझी आजी बुंदेलखंडातली होती. माझ्या मराठीत हिंदी आहे, माझ्या स्वयंपाकात हिंदी आहे, माझा मुलगा भांडणात अर्ध्यातून हिंदीत जातो. मी म्हटलं, "शंतनुराव, मीही शुद्ध नाही. मग माझेही दिवस घालून टाका. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही मला म्हणालात, ग्वाल्हेरला मराठी तशी राहिली नाही. कुणाला विचारून म्हणालात? मी समोर बसून तुमच्याशी मराठी बोलत होते."

"मॅडम, तुम्ही पर्सनली घेताय."

"घेतेच आहे! माझं तोंड आहे ते. ते वाक्य काढा. आणि त्या माळांच्या कागदात बायकांची नावं का नाहीत? तिथं फोटोखाली आहेत."

"नावं आम्हीच काढली. प्रवाशांना काय करायचीत? लक्षातही राहणार नाहीत."

"वाक्य काढल्याशिवाय मी पुढचं वाचणार नाही," मी सांगून टाकलं.

तो फार गोड आवाजात म्हणाला, "तुमची मर्जी, मॅडम. पण जे रेकॉर्ड झालंय ते आमचं आहे. आणि उरलेलं काय, मशीन वाचेल. तुमच्याच आवाजात. आता तेवढा नमुना जमलाय आमच्याकडे. ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही."

मी नुसता फोन ठेवला. आयुष्यात मी फोन ठेवण्याआधी शेवटचा शब्द दुसऱ्याला दिला नव्हता. मी काम सोडलं तरी माझा आवाज तिथंच राहणार. मी इकडं गोरखीत भाजी निवडत बसणार आणि तिकडं माझा आवाज त्या बायकांना रोज मारत राहणार, येईल त्या प्रवाशापुढं. आणि वर मशीन माझ्या गळ्यानं त्यांच्याच माळांचं कौतुक करणार.

"काकू, छोड़ो ना," अवंतिका हळूच म्हणाली. "वहाँ मराठी कोण एवढं ध्यान से ऐकणार? त्या बायकांना थोडीच समजणार आहे."

"मला समजतंय ना," मी म्हटलं, आणि तिच्यावर ओरडले म्हणून परत वाईटही वाटलं. तिचा काय दोष.

घरी आले ती धुमसतच. कृष्णरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम हसायला लागले.

"मुकुंदरावकाकांचं झालं हे," ते म्हणाले.

मुकुंदराव म्हणजे यांचे काका. फौजेत होते. सरहद्दीवर लढाई चालू असताना ते गेल्याची तार आली. घरानं दिवस घातले, काकूंनी कुंकू पुसलं. काही महिन्यांनी काका दाढी वाढवून दारात उभे. शत्रूच्या कैदेत होते. आता आनंदीआनंद, पण भटजी म्हणाले, ज्याचे दिवस घातलेत त्याला असं घरात घेता येत नाही, तो नव्यानं जन्मला असं धरायचं, बारसं करायचं. मग त्या मिशाळ सुभेदाराला न्हाऊ घातलं, शेजारून मागून आणलेल्या पाळण्याला हात लावून बसवलं, आत्याबाईंनी कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. सगळा मोहल्ला पोट धरून हसत होता. हे मला माहीत होतं, आमच्याकडे प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतंच.

"तुला एक माहीत नाही," कृष्णराव म्हणाले. "मी लहान होतो, पाळण्याजवळच उभा होतो. काका सगळा वेळ हसत होते. आत्यानं कानात 'मुकुंद' म्हटलं आणि ते ढसाढसा रडायला लागले. वाक्य पुसून काय होणार विनिता? ज्यांचे दिवस घातलेस त्यांची नावं घे."

हा माणूस वर्षभर पेपरच्या मागून बोलत नाही आणि बोलला की असं बोलतो. मी रात्रभर तळमळत वगैरे बसले नाही. मस्त झोपले. सकाळी शंतनुला कळवलं की मी येतेय, उरलेलं वाचते.

त्याला बरंच वाटलं असणार, कारण दोनच दिवसांनी तिकडच्यांना ऐकवायची बैठक होती. अशा कामात एकदा तसं करतात. ज्यांचं काम आहे ते त्यांच्या देशातून व्हिडिओवर येतात, तयार झालेले एकदोन तुकडे ऐकतात, आणि एखादा भाग समोर बसून वाचून घेतात. मराठी त्यांना कळत नाही, पण आवाज कसा आहे ते कळतं. समोर वाचायला माळांचा भाग ठरला होता.

"मॅडम, एकच विनंती," शंतनु बैठकीआधी म्हणाला. "तुम्ही फक्त मराठी वाचा. इंग्रजीत बोलायचं काम माझं."

"बरं," मी म्हटलं. "मी इंग्रजीत एक शब्द बोलणार नाही. दिला शब्द."

अवंतिकानं माझ्याकडे संशयानं बघितलं. ती मला लहानपणापासून ओळखते.

पडद्यावर एका बाजूला शंतनु, इस्त्रीचा शर्ट घालून. दुसऱ्या बाजूला तिकडची खोली. आमच्याकडे सकाळ, अंगात स्वेटर. त्यांच्याकडे दुपार, भर उन्हाळा, खिडकीतून ऊन आत आलेलं. तिथल्या संग्रहालयांचं काम बघणारी एक उंच बाई पुढं बसली होती. तिनं नमस्कार केला आणि सांगितलं की आज माळांचा भाग आहे म्हणून मी मुद्दाम या बेटावर आले, आणि यांनाही बोलावलंय. ती जरा बाजूला सरकली. मागं लांब टेबल, ताटांत शंख, आणि तीन म्हाताऱ्या. मॅविस मधे. फोटोतल्यासारखीच बघत होती.

शंतनुच्या काही लक्षात आलं नाही. त्यानं कुठं तो फोटो बघितला होता? "आधी आमचा सर्वांत चांगला तुकडा ऐकवतो," असं तो इंग्रजीत म्हणाला आणि त्यानं तेच लावलं.

माझाच आवाज त्या खोलीत घुमला. तिघीजणी शंख ओवता ओवता ऐकत होत्या. "डोळे मिटले" आलं. थांबा आला. मॅविसचा हात ताटातच राहिला. "कायमचा नाहीसा झाला." उंच बाई म्हणाली, किती भावपूर्ण आवाज आहे. ऑड्रीनं मान डोलावली. मला वाटलं जमीन फाटावी. त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच घरात, मी त्यांना मेलेलं म्हटलं आणि त्या कौतुकानं ऐकत होत्या.

"आता मॅडम समोर वाचतील," शंतनु म्हणाला.

मी कागद उचलला. आवाज साधा लावला, सकाळी दारात आलेल्या माणसाशी बोलतो तसा. शंख वाचले, ओहोटी वाचली, कांगारूचा दात वाचला. मग "या बेटाच्या मूळ रहिवासी स्त्रिया आजही या माळा ओवतात" इथं आले आणि कागद खाली ठेवला.

"त्यांची नावं सांगते," मी मराठीतच म्हटलं. "नीट ऐका. जॉयलीन."

शंतनुचं तोंड उघडलं. टेबलाशी बसलेल्या जॉयलीननं वर बघितलं. मराठीतलं बाकी काही तिला कळत नव्हतं, पण आपलं नाव कुणाला कळत नाही?

"हो, इथं आहे मी," ती हसत इंग्रजीत म्हणाली आणि तिनं हात वर केला.

"ऑड्री," मी म्हटलं.

"मीपण!" ऑड्री म्हणाली, आणि दोघी मुलींसारख्या खिदळल्या.

शंतनु हातानं मला खूण करत होता, कागदावर, कागदावर या. माझ्या कानातल्या यंत्रात हळूच म्हणाला, "मॅडम, प्लीज." मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"मॅविस," मी म्हटलं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, माझा आवाज फाटला. सोगाचा नव्हता तो. तसा आवाज मी रेडिओवर कधी काढला नव्हता.

मॅविस हसली नाही. तिनं हातातली माळ ताटात ठेवली, चष्मा वर केला आणि पडद्याजवळ तोंड आणलं.

"इथंच आहे," ती म्हणाली. "मी कुठं जाणार?" मग तिनं मला निरखून बघितलं. "ए बाई, मघाशी लावलं होतं ते तुझंच ना? ते रडकं? मला भाषा कळली नाही, पण असं वाचतात ते मला माहीत आहे. कोण मेलं?"

खाली इंदरगंजच्या चौकात कुणाचातरी हॉर्न अडकला होता, तेवढाच ऐकू येत होता. उंच बाईनं शंतनुकडे बघितलं.

"ते... इतिहासाचा भाग आहे," शंतनु इंग्रजीत म्हणाला.

"कुणाच्या इतिहासाचा?" मॅविसनं विचारलं. "नाव असेल ना. कोण मेलं?"

शंतनु घामाघूम झाला. मराठीत मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही काहीतरी सांगा ना. समजावा त्यांना."

"मला तुम्ही फक्त मराठी वाचायला सांगितलंय," मी म्हटलं. "इंग्रजी तुमच्याकडे."

"मॅडम..."

"शंतनु," मी म्हटलं, आणि आता अहो-जाहो सोडलं, "बाई तुला विचारतायत. त्या तुझ्यासमोर बसल्यात. त्यांच्या डोळ्यांत बघून सांग त्यांना, अठराशे शहात्तर साली त्या मेल्या म्हणून. सांग की. छापील आहे ना!"

अवंतिका काचेपलीकडे उभी राहिली होती. मला वाटलं ती डोळ्यांनी दटावेल. पण तिनं माझा माइक बंद केला नाही, उलट आवाज वाढवला.

शंतनुनं कानातलं यंत्र काढलं, हातात धरलं, परत घातलं. तो पोरगा वाईट नव्हता, हे मी आधी म्हटलं नाही, आता म्हणते. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "कुणी नाही, मॅम. कुणी मेलं नाही. आमच्याकडून चुकीचं लिहिलं गेलं."

"काय लिहिलं होतं?"

त्यानं सांगितलं. हळू, पण सगळं सांगितलं. उंच बाईनं कपाळाला हात लावला. जॉयलीन आणि ऑड्रीचं हसणं थांबलं. मॅविसनं मात्र नुसती मान हलवली. हे तिनं आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल ते त्या मान हलवण्यावरूनच मला कळलं.

"पुसून टाक ते," ती शंतनुला म्हणाली.

"हो मॅम."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं पुसलं. अवंतिकानंही आमच्याकडचं पुसलं आणि रिकामा पडदा सगळ्यांना दाखवला. माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात चांगला टेक होता तो.

मग मॅविसनं परत चष्मा डोळ्यांवर ओढला, माळ उचलली आणि माझ्याकडे बोट केलं.

"आता तिला म्हणावं, नीट आवाजात वाच. आम्ही ऐकतोय."

शंतनु भाषांतर करायला लागला. मी त्याला हातानं थांबवलं आणि वाचायला सुरुवात केली.